एकाच मातीचे दोन रंग

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना लोखंडाची ऑक्साइडे आली की मुलांचे डोळे जड होत. तांबडे ते हेमाटाइट, काळे ते मॅग्नेटाइट, संपले! मग मी त्यांना अथेन्सच्या कुंभारवाड्यात नेऊ लागलो.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे घडलेली भांडी आपण चित्रांत तरी पाहिली असतील. तांबूस अंगावर चकचकीत काळ्या आकृत्या. एक्सेकियासच्या प्रसिद्ध कुंभावर अकिलीस आणि एजॅक्स हे दोन योद्धे सोंगट्या खेळत बसले आहेत. श्रोतेहो, त्या काळ्यासाठी निराळा रंग वापरलेला नाही. भांड्याच्याच मातीचा, पाण्यात निवळून घेतलेला अतिबारीक गाळ म्हणजे ती शाई. मग एक तांबडे आणि दुसरे काळे कसे?

सगळी करामत भट्टीतल्या हवेची. आधी झरोके उघडे ठेवून भाजायचे. मातीतले लोखंड प्राणवायू घेऊन तांबडे होते. मग ९०० अंशांच्या आसपास झरोके बंद करून ओली लाकडे सारायची. कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायू हिसकावून घेतो, हेमाटाइटचे मॅग्नेटाइट होते आणि अख्खे भांडे काळे पडते. याच वेळी तो बारीक गाळ काचेसारखा घट्ट मिटतो. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. सच्छिद्र अंगात हवा शिरून ते परत तांबडे होते. काचेआडचे लोखंड मात्र काळेच राहते.

घाई झाली तर? गाळ नीट मिटला नाही, तर चित्रेही तांबडी पडत आणि भट्टीभर मेहनत वाया. तापमापक तर नव्हताच. कुंभार भोक पाडलेले तुकडे भट्टीत ठेवत आणि आकड्याने बाहेर ओढून रंग पाहत. असे तुकडे अथेन्सच्या उत्खननात मिळाले आहेत. कोरिंथजवळच्या मातीच्या पाट्यांवर भट्ट्याच रंगवल्या आहेत, आणि त्या पाट्या पोसायडन देवाला वाहिलेल्या. मागणे काय असेल, हे ज्याने कधी आवा लावला आहे त्याला सांगायला नको!

(आपल्या विदर्भातल्या शिलावर्तुळांतही काळी-तांबडी भांडी निघतात, पण त्यांची भाजण्याची रीत निराळी.)

पुढे रोमन काळात लोकांना तांबडी भांडी आवडू लागली आणि ही विद्या मागे पडली. नंतरच्या अभ्यासकांनी त्या काळ्यात नाना द्रव्ये शोधली. अखेर १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, थिओडोर शुमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही रीत उलगडून दाखवली.