गंज-इ-सवाईची लूट व लंडन येथील न्यायालयाचें दप्तर

गुन्ह्यांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास फौजदारी न्यायालयाच्या दप्तराइतकें मोहक साधन दुसरें नाहीं. बखरकार राजांविषयीं लिहितो, वखारवाला मालाविषयीं लिहितो. खलाशाचे, मोलकरणीचे, खानावळवाल्याचे शब्द जबान्यांतच काय ते उतरतात. परंतु न्यायालय इतिहासाकरितां लिहीत नाहीं. आरोप शाबीत करण्यास जेवढें हवें तेवढेंच तें विचारतें, व जें विचारलें गेलें नाहीं तें दप्तरांत येत नाहीं. आपल्याकडील मामलतींच्या हिशेबांतहि ‘गुन्हेगारी’ या सदराखालीं वसूल झालेली रक्कम नीट मिळते, पण ज्याचें नुकसान झालें त्याची हकीकत क्वचितच मिळते. लंडनच्या एका गाजलेल्या खटल्यांत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर दिसतो, आणि त्या खटल्याचें मूळ आपल्याच समुद्रांत आहे.

इ. स. १६९५ च्या सप्टेंबरांत हाजच्या यात्रेकरूंस व मोख्याच्या व्यापाराचा पैसा घेऊन परत येणारें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्यानें सुरतेजवळ गांठलें व लुटलें. त्यापूर्वींच सुरतेचा सावकार अब्दुल गफूर याचें ‘फत्ते महंमद’ त्याच्या हातीं पडलें होतें. खाफीखान रोख ऐवज बावन लाख रुपयांचा सांगतो. परिणाम सुरतेच्या वखारीस भोगावा लागला. तेथील इंग्रज अनेक महिने कैदेंत पडले. त्यांच्या सुटकेचा व कंपनीच्या व्यापाराचा प्रश्न उभा असल्यानें लंडनमध्यें कोणास तरी शिक्षा होणें अगत्याचें झालें. पुढील कामकाज वाचतांना ही निकड दृष्टीआड करतां कामा नये.

एव्हरी स्वतः कधींच सांपडला नाहीं. त्याच्या साथीदारांपैकीं सहा जण ता. १९ ऑक्टोबर १६९६ रोजीं ओल्ड बेली येथें आरमारी न्यायासनापुढें उभे करण्यांत आले. आरोप गंज-इ-सवाईच्या लुटीचा. ज्यूरीनें त्यांस निर्दोष ठरविलें! सरकार गोंधळलें, परंतु बारा दिवसांत दुसरा आरोप तयार झाला. आतां गुन्हा होता तो १६९४ च्या मे महिन्यांत स्पेनच्या कोरुन्या बंदरांतून ‘चार्ल्स’ हें इंग्रज जहाज बंड करून पळविल्याचा. ता. ३१ रोजीं हा खटला चालला. पहिल्या ज्यूरीविषयीं न्यायासनावरून स्पष्ट नाराजी व्यक्त झाली, आणि या वेळीं आरोपी दोषी ठरले. एकानें गुन्हा कबूल केला होता, त्यास जीवदान मिळालें. बाकीच्या पांच जणांस ता. २५ नोव्हेंबरास टेम्सकांठीं फांशी दिलें.

त्याच वर्षीं खटल्याचा वृत्तांत छापून निघाला, पण त्यांत पहिल्या खटल्याचें कामकाज नाहीं. जो निकाल सरकारास गैरसोयीचा, तो छापावा कशाला? म्हणून मोंगल जहाजाची लूट हा ज्या खटल्याचा विषय, त्याचेंच कामकाज या पुस्तिकेंत नाहीं. हातीं येतो तो जहाजचोरीचा खटला. केवळ ही पुस्तिका पाहणाऱ्याचा असा समज होईल कीं, एव्हरीच्या मंडळीचा मुख्य अपराध कोरुन्यास घडला.

सुदैवानें जबान्या आहेत. जॉन डॅन व फिलिप मिडल्टन या दोघांच्या १६९६ मधील हकीकती लंडनच्या सरकारी दप्तरांत राहिल्या व १९२३ मध्यें छापल्याहि गेल्या. डॅन कसा सांपडला हें त्याच्याच जबानींत आहे: रॉचेस्टर येथें मोलकरणीस त्याचें जाकीट भलतेंच जड लागलें, आणि अस्तरांत शिवलेलीं हजाराहून अधिक सोन्याचीं नाणीं बाहेर पडलीं. वांटणी कशी झाली, कोण कोठें उतरलें, हें सारें या दोघांकडून कळतें. मात्र दोघेहि माफीचे साक्षीदार होते. मार्ग, तारखा, वांट्याच्या रकमा यांविषयीं त्यांवर विश्वास ठेवण्यास मला हरकत दिसत नाहीं, कारण तेथें खोटें बोलून लाभ नव्हता. स्वतःचा हात कोठें होता याविषयीं मात्र त्यांचा शब्द तोलून घेतला पाहिजे.

जहाजावरील स्त्रियांचें काय झालें? खाफीखान अत्याचारांविषयीं व अब्रू राखण्यासाठीं कित्येकींनीं प्राण दिल्याविषयीं लिहितो. जहाजचोरीच्या खटल्यास हा प्रश्न अप्रस्तुत होता. उत्तर मिळतें तें न्यायालयाबाहेर, फांशीच्या वेळच्या छापील वृत्तांतांत. जॉन स्पार्क्स यानें तेथें कबूल केलें कीं, त्या हिंदी लोकांशीं केलेल्या क्रूरपणाबद्दल आपणांस मरण योग्यच आहे. जहाज पळविल्याची खंत आपणांस त्याहून कमी वाटते. असले मृत्युसमयींचे वृत्तांत पाद्र्यांच्या नजरेखालून जात व विक्रीसाठीं छापले जात, हें खरें. तरी ज्या गुन्ह्यासाठीं त्यास फांशी दिलें त्याहून निराळा गुन्हा तो सांगतो, आणि तोहि सरकारास नको असलेला. म्हणून मी ही कबुली खरी मानतों.

दप्तरांतील उणीव कधीं कागद सांपडून भरून निघते. कप्तान किड यानें १६९८ मध्यें मलबार किनाऱ्यावर ‘केदा मर्चंट’ हें जहाज धरलें. तें फ्रेंच परवान्यानें चालत होतें, सबब कायदेशीर लूट, असा त्याचा बचाव होता. १७०१ च्या खटल्यांत परवाने त्याच्या हातीं आले नाहींत आणि तो फांशी गेला. तेच परवाने विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या दप्तरांत मिळाले. यावरून तो निर्दोष ठरत नाहीं, कारण स्वतःच्या गोलंदाजाच्या खुनाचा आरोपहि त्याजवर शाबीत झाला होता. पण त्याचा बचाव निव्वळ थाप नव्हता.

समुद्रावर लूट कोणती व हक्काची जप्ती कोणती, हें अशा कागदावरच ठरे. कान्होजी आंग्रेहि दस्तकावांचून जाणारीं जहाजें धरीत, आणि इंग्रज त्यांस चांचे म्हणत. त्यांजवर खटला मात्र कोठेंच झाला नाहीं. त्यामुळें त्यांची बाजू कोणत्याहि जबानींत उतरलेली नाहीं. ती मुंबईच्या गव्हर्नरांशीं झालेल्या पत्रव्यवहारांतून काढावी लागते.