तरला दलाल आणि खानदेशची न लिहिलेली पाककृती

१/
२००७ साली तरला दलाल यांना पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान त्यांना पाककलेसाठी मिळाला. शाकाहारी पाककृती लिहिणे हे ज्ञानाचे काम आहे, हे शासनाने मान्य केले. रोज कोट्यवधी स्त्रिया करत असलेल्या कामाला ही मान्यता मिळण्यासाठी एवढा काळ का लागला? आजचा धागा या प्रश्नाचा. 🧵

२/
मराठीत पाककृती छापल्या जाऊ लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. रांधणारे हात स्त्रियांचे, परंतु लेखक पुरुष. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ प्रसिद्ध झाले आणि या विषयावर स्त्रीचे नाव ठळकपणे छापले गेले.

३/
तरला दलाल यांचा जन्म ३ जून १९३६ रोजी पुण्यात एका गुजराती कुटुंबात झाला. १९६० मध्ये नलिन दलाल यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. १९६६ मध्ये त्यांनी राहत्या घरीच पाककलेचे वर्ग सुरू केले.

४/
हे वर्ग चालण्यामागे त्या काळाची मुंबई होती. नोकरीसाठी शहरात आलेली जोडपी दोन खोल्यांत संसार मांडत होती. स्वयंपाक शिकवणारी आई वा सासू गावी राहिली होती. चुलीच्या जागी गॅसची शेगडी येत होती, प्रेशर कुकर रुळत होता. पिढीजात शिक्षणाची साखळी तुटली, तेव्हा ती जागा वर्गाने घेतली आणि नंतर पुस्तकाने.

५/
दलाल यांचे वैशिष्ट्य दोन गोष्टींत दिसते. एक, इटालियन, मेक्सिकन, थाई अशा परदेशी पाकपरंपरा त्यांनी शाकाहारी घरांत आणल्या. मांसाच्या जागी भाज्या, कडधान्ये, पनीर योजताना मूळ पदार्थाची चव व रचना शक्य तितकी सांभाळली. दोन, त्यांनी ‘अंदाजाने’ या शब्दाला रजा दिली. साहित्य, त्याचे प्रमाण, क्रमवार कृती अशी शिस्त त्यांच्या लेखनात दिसते. ज्याने तो पदार्थ कधी पाहिलाही नाही, त्यालाही तो करता यावा, हा तिचा हेतू.

६/
याच दिशेने मराठीतही काम चालू होते. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी माप म्हणून वाटी आणि चमचा निवडला. तराजू सर्वांकडे नसतो, वाटी मात्र प्रत्येक घरात असते. या साध्या निर्णयाने ‘रुचिरा’ लाखाहून अधिक घरांत पोचले.

७/
दलाल यांचे पहिले इंग्रजी पुस्तक, ‘द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग’, १९७४ मध्ये आले. त्याचा मराठीसह अनेक भाषांत अनुवाद झाला. पुढे त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभरावर गेली. मधुमेहींसाठी, गर्भवतींसाठी, वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी अशी स्वतंत्र पुस्तके त्यांनी लिहिली. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, ‘कुकिंग अँड मोअर’ हे द्वैमासिक आणि पाककृतींचे मोठे संकेतस्थळ. माध्यम बदलत गेले तरी कृती लिहिण्याची शिस्त तीच राहिली.

८/
१९७४ या सालाकडे मात्र जरा थांबून पाहावे लागते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. ग्रामीण महाराष्ट्रात खडी फोडण्याच्या कामावर माणसे जात होती, सुकडी खात होती, रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी थापत होती. एकाच राज्यात एकीकडे शाकाहारी मेजवानीचे पुस्तक छापले जात होते, तर दुसरीकडे भाकरीचे धान्यच परके झाले होते. पाकपुस्तक हे इतिहासाचे साधन आहे, परंतु ज्यांच्या घरी निवडीला वाव होता त्यांचाच इतिहास ते प्रामुख्याने सांगते.

९/
आता खानदेशाकडे वळू. तापी आणि सातपुडा यांच्यामधला चोपडा तालुका केळी व कपाशीचा. आज शहरांत ‘प्लांट-बेस्ड’ हा शब्द नवा म्हणून मिरवतो. दलाल यांच्या शाकाहारात दूध, लोणी, चीज यांना मानाचे स्थान होते. खानदेशी शेतकऱ्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी या जेवणात मात्र प्राणिजन्य असे काहीच नसते, आणि त्याला कोणी वेगळे नावही दिले नाही.

१०/
मोठी, हिरवट वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची. साल काढून ती लाकडी भांड्यात ठेचायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेल. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. ही निव्वळ चवीची जुळणी नाही. कापूस वेचून झाला की काड्या उरतात, त्याच हंगामात वांगी येतात, आणि तृणधान्य व कडधान्य एकत्र आल्याने प्रथिने परस्परपूरक होतात. या पाककृतीत शेतीचे एक वर्ष साठवलेले आहे.

११/
२०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वांग्याचे नाव सरकारी नोंदवहीत गेले. ते नेमके किती भाजावे, काड्या कधी मागे ओढाव्यात, हे ज्यांना ठाऊक आहे त्या बायांची नावे कुठेच गेली नाहीत. तरला दलाल आणि त्या बाया यांच्यात फरक कौशल्याचा नाही. एकीचे ज्ञान कागदावर उतरले, दुसरीचे हातातच राहिले.

१२/
असे ज्ञान कागदावर उतरले तर काय घडते, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि मराठी कवितेचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिणे अशक्य झाले. कोणी टिपले नसते, तर त्या ओव्या जात्यापाशीच विरल्या असत्या.

१३/
तरला दलाल यांचे ६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत निधन झाले. २०२३ मध्ये त्यांच्यावर ‘तरला’ हा चित्रपटही आला. त्यांचे आयुष्य इतिहासात सुरक्षित आहे, कारण त्यांनी ते वाटी-चमच्याच्या हिशेबाने लिहून ठेवले.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधने केवळ दप्तरखान्यात शोधू नयेत. घरातल्या आजीला भरीत, बिबडे, खापरावरचे मांडे यांची कृती विचारावी. तिचे नाव, गाव, तारीख, आणि ती कृती तिला कोणी शिकवली, हेही लिहावे. ‘अंदाजाने घाल’ असे ती म्हणाली, तर तिच्या मुठीखाली वाटी धरावी आणि मोजून घ्यावे.