‘ताप्य’ आणि तापीचें सोनें

वैद्यांच्या जुन्या बाडांत ‘ताप्य’ हा शब्द वारंवार आढळतो. सूची करणारे त्यापुढें ‘सुवर्णमाक्षिक’ असें लिहून मोकळे होतात, आणि तेवढ्यावरून तापीकांठीं सोन्याची खाण होती असें अनुमान करण्याचा मोह पडतो. तो आवरावा, एवढ्यासाठीं हें टिपण.

तप् धातूच्या प्रयोजकापासून ‘तापविण्यास योग्य’ असाहि अर्थ निघतो. परंतु ‘तापीज’ हा पर्याय व रसरत्नसमुच्चयांतील वर्णन पाहतां नदीच अभिप्रेत आहे यांत संशय राहत नाहीं. त्या ग्रंथांत माक्षिकाचे दोन भेद आहेत: कान्यकुब्जाकडील सोन्यासारखें, आणि तापीतीरींचें पांच रंगांचें. हे पांच रंग महत्त्वाचे होत. आज ज्यास चाल्कोपायराइट म्हणतात तें तांबें, लोखंड व गंधक यांचें खनिज हवेनें काळवंडूं लागलें कीं मोरपिसासारखे रंग दाखवितें. ताजें फोडलें तर पितळेसारखें पिवळें; पण घासल्यास हिरवट काळी रेघ उमटते, आणि हातोडीखालीं तें सोन्याप्रमाणें पसरत नाहीं, त्याचा चुरा होतो. रसार्णवकारास मर्म ठाऊक होतें. माक्षिकाचें सत्त्व तांब्यासारखें निघतें असें तो सांगतो. शुद्ध खनिजांत तांबें सुमारें एकतृतीयांश असतें.

किंचित् सुवर्ण असल्यामुळें हें नांव पडलें, असें १६ व्या शतकांतील भावमिश्राचें मत. तें अगदींच निराधार नाहीं. जामच्या (जि. वर्धा) पूर्वेकडे, नागपूर जिल्ह्यांतील पुल्लर-परसोडी पट्ट्यांत तांब्याच्या खनिजासह सोनें आढळलें आहे. पण तो खडक अतिप्राचीन. जामची भूमि व खानदेशांतील तापीचें खोरें हीं बहुतांशीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचीं. तेथें असल्या शिरांची अपेक्षा धरतां येत नाहीं.

मग तापी कोठून आली? उगमाकडे, मुलताईच्या उत्तरेस, बैतूल पट्ट्यांत जस्त व तांब्याचीं गंधकयुक्त खनिजें आहेत (आमची वर्धाहि त्याच बाजूस उगम पावते). परंतु माक्षिक पाण्यांत फार काळ टिकणारें नव्हे. म्हणून तें बाजाराचें नांव असावें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. मॉरिशसवरून पडलेलें ‘मोरस’ हें नांव जसें पुढें इकडच्या साखरेसहि चिकटलें, तसें. माल तापीच्या वाटेनें आला, आणि वाटेचें नांव त्यास मिळालें.

हा केवळ तर्क होय. त्याचा निर्णय पाठभेदांनीं होणार नाहीं. ताप्य कोणाकडून व काय भावानें घेतलें, हें बाडांच्या शेवटीं असणाऱ्या जमाखर्चाच्या पानांवरूनच कळेल. तीं पानें निरुपयोगी समजून संग्राहकांनीं फाडूं नयेत, व अशी नोंद आढळल्यास प्रसिद्ध करावी, ही विनंति.