१६ एप्रिल १८५३ : पहिल्या गाडीची हरवलेली इंजिने

बोरीबंदरहून ठाण्याकडे या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे परंपरेने सांगितली जातात. इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीने या कंपनीसाठी घडवलेल्या पहिल्या आठ इंजिनांतले एकही आज कुठे उभे नाही.

इंजिन हे राबवायचे यंत्र. बॉयलर झिजला, जास्त ताकदीची इंजिने आली की जुने मोडीतच जायचे, त्यात हळहळ कसली, असे कोणी म्हणेल. घाटाच्या चढावर या छोट्या इंजिनांचा निभाव लागण्यासारखा नव्हता, हेही खरे. पण जतनाची कल्पनाच तेव्हा नव्हती, हे मात्र पटत नाही. स्टीफन्सनचे १८२९ चे ‘रॉकेट’ १८६२ मध्येच लंडनच्या संग्रहालयात पोहोचले होते. परदेशाचे सोडा, ईस्ट इंडियन रेल्वेचे १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झाले, तरी टिकले, आणि १९९७ मध्ये पुन्हा वाफेवर धावले. म्हणजे कोलकात्याकडे जे जमले ते मुंबईत अशक्य नव्हते. लोखंड भंगारात गेले, हे एक वेळ समजू शकते. पण आशियातील पहिली प्रवासी गाडी ओढणाऱ्या इंजिनांची नावेसुद्धा आपण ऐकीव आधारावर सांगतो, ही उणीव जास्त गंभीर आहे. इंजिन परत मिळणार नाही; कंपनीचे जुने कागद मात्र अजून धुंडाळता येतील.