मिठाच्या स्फटिकातली रिकामी जागा

विषय निवडताना आपण सगळेच आधी बघतो, तो सध्या 'हॉट' आहे की नाही. 1925 च्या सुमारास गॉटिंगेनमध्ये सगळ्यात हॉट विषय अर्थातच क्वांटम मेकॅनिक्स होता. बॉर्न आणि फ्रांक शेजारीच होते. आणि तिथेच रॉबर्ट पोल मात्र मिठाचे स्फटिक रंगवत बसला होता!

रंगवणं म्हणजे काय? पोटॅशियम क्लोराइड स्वच्छ, पारदर्शक असतं. ते पोटॅशियमच्या वाफेत तापवलं की जांभळं होतं. पोटॅशियम ब्रोमाइड निळं होतं, आपलं साधं मीठ पिवळसर. प्रकाश शोषणाऱ्या त्या जागांना पोलच्या गटाने नाव दिलं 'फार्बझेंट्रुम', म्हणजे रंगकेंद्र. त्यावरूनच आजचं 'एफ-सेंटर'.

पोलचा खरा निर्णय मला वाटतं पदार्थाचा होता. खाणीतल्या स्फटिकात अशुद्धी किती, कुठली, काही भरवसा नाही. मग दिसलेला परिणाम दोषाचा की अशुद्धीचा, कसं ठरवणार? म्हणून ते स्फटिक प्रयोगशाळेतच वाढवू लागले. 1926 मध्ये किरोपूलोसने वितळलेल्या क्षारातून मोठे स्फटिक वाढवण्याची पद्धत दिली. (एलईडीसाठी लागणारा नीलम आजही याच पद्धतीने बनवतात.) नमुने हातचे असल्यामुळे तुलना जमली. 1931 मध्ये मोल्वोने दाखवलं, की अणूंमधलं अंतर वाढलं की शोषणाची वारंवारता ठरावीक नियमाने कमी होते.

पण हे केंद्र म्हणजे नेमकं काय, यावर घाईने मॉडेल मांडणं पोलला आवडायचं नाही. ते उत्तर दुसरीकडून आलं. 1937 मध्ये फिलिप्स कंपनीतल्या डी बोअरने सुचवलं, की ऋण आयन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकलेला असतो. पुढे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सने हे पक्कं झालं.

1938 मध्ये हिल्श आणि पोल यांनी पोटॅशियम ब्रोमाइडच्या स्फटिकाला तीन इलेक्ट्रोड लावून विद्युतप्रवाह वाढवून दाखवला. ट्रान्झिस्टरच्या नऊ वर्षं आधी! पण तो इतका संथ चालायचा, की रेडिओत वापरणं अशक्य. त्यातून उपकरण निघालं नाही.

1952 मध्ये पोल निवृत्त झाला, नोबेल न मिळताच. आज क्वांटम सेन्सरसाठी हिऱ्यातली नायट्रोजन-रिक्ती केंद्रं अभ्यासतात, तीही रंगकेंद्रंच. त्या विषयावर पीएचडी करायचा विचार असेल, तर सुरुवातीला एफ-सेंटर नीट समजून घ्या. हिऱ्यापेक्षा ते बरंच सोपं आहे.