पेनाला एवढे पैसे कशाचे?



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते लिहून झाले, तरी कुणी उठेना. कारण आमच्यातली एक जण अगदी गप्प बसली होती, आणि ती काही गप्प बसणारी बाई नाही. अलिबागजवळच्या एका बंगल्यात ती झाडलोट आणि भांडी करते. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी येतात. त्या आठवड्यात त्यांचं पेन सापडेना. तिला विचारलं, परत विचारलं, मग तिची डब्याची पिशवी ओट्यावर उलटी करून बघितली. दुसऱ्या दिवशी पेन त्यांच्याच गाडीत सीटखाली मिळालं. फोन आला, "मिळालं हं पेन." बस, एवढंच.

पेन सत्तर हजारांचं होतं म्हणे. तिला त्या घरी महिन्याला पाच हजार मिळतात. म्हणजे चौदा महिन्यांची झाडलोट एका पेनात.

"पिशवी बघितली त्याचा राग आहेच," ती म्हणाली. "पण मला सांगा गो, पेन ते पेन. त्यात असं असतं तरी काय?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. आमच्यात इतिहास घेऊन बीए झालेली एकच, तिच्या गळ्यात हे काम पडलं. मग सगळ्यांनी मिळून वाचलं, शोधलं, ते आज तुम्हाला सांगतोय. एक गंमत आधीच सांगून टाकतो. आम्ही पेनाचा इतिहास सांगणार म्हटल्यावर एका मावशींना वाटलं, गणपतीच्या मूर्तींच्या पेणचा. ते पेण वेगळं, मावशी. तेही कधीतरी सांगू.

आपल्याकडे आधी बोरू होता. पाणथळ जागी वाढणारी पोकळ काडी. टोक तिरकं छाटायचं, चीर द्यायची, दौतीत बुडवून लिहायचं. शाई दिव्याच्या काजळीची, डिंक घालून घोटलेली. बोरूला पैसे पडत नसत. मोल होतं ते अक्षराला. आपल्या मुरुड-जंजिऱ्याचीच हकिकत घ्या. सिद्दीच्या पदरी आवजी चित्रे नावाचे कारभारी होते. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांना ठार केलं आणि त्यांची बायको-मुलं विकायला राजापूरकडे धाडली, असं परंपरेने सांगतात. त्यातला एक मुलगा बाळाजी. त्याचं अक्षर शिवाजी महाराजांच्या नजरेस पडलं आणि तो पुढे स्वराज्याचा चिटणीस झाला. अक्षराने एक मुलगा विकला जाता जाता वाचला. पण अक्षर मुलाचं होतं, आईचं नव्हे, हे आमच्या लगेच लक्षात आलं. बाई लिहायला शिकली तर तिचं कुंकू पुसलं जातं, असं एकोणिसाव्या शतकातसुद्धा लोक उघड बोलत होते.

मग इंग्रजांच्या काळात टाक आला. लाकडी दांडी, पुढे पोलादी निब. या निबा इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात बनत आणि तिथून जगभर जात. त्या कारखान्यांत दाब-यंत्रावर बसणाऱ्या बहुतेक बायका आणि पोरी होत्या. एकेकीने दिवसाला हजारोंनी निबा छापायच्या. हे आम्ही वाचलं तेव्हा कोळंबी सोलायला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. किलोवर मजुरी म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

टाकाची अडचण अशी की दर दोन शब्दांना दौतीत बुडवा. शाई पेनाच्या पोटातच भरून ठेवायची खटपट खूप जणांनी केली, पण शाई एकदम सांडायची, नाहीतर उतरायचीच नाही. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. तो विमा एजंट होता, महत्त्वाच्या करारावर पेन गळलं आणि गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून त्याने नवं पेन शोधलं, ही गोष्ट पुढे कंपनीनेच जाहिरातीतून पसरवली. गोष्टीपेक्षा युक्ती बघण्यासारखी आहे. निबेच्या खाली जी जीभ असते तिला त्याने बारीक चिरा पाडल्या. दिव्यात तेल वातीतून जसं आपसूक चढतं, तशी शाई त्या चिरांतून निबेकडे येते, आणि जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत शिरते. म्हणून ती धो धो वाहत नाही. आजही फाउंटन पेन याच तत्त्वावर चालतं, शंभर रुपयांचं असो की लाखाचं.

पार्कर हे नाव आपल्यालाही माहीत आहे. जॉर्ज पार्कर हे अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावात तारायंत्र शिकवणारे मास्तर. जोडीला विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेनं विकायचे. ती गळायची, पोरं परत आणायची, मास्तर दुरुस्त करायचे. दुरुस्त करता करता वाटलं, आपणच का करू नये? १८८८ साली कंपनी सुरू झाली. १९२१ मध्ये त्यांनी लालभडक जाडजूड पेन काढलं, ड्युओफोल्ड, किंमत सात डॉलर. त्या काळी पेनाला ही भलतीच किंमत होती. लोकांनी हौसेने घेतलं. इथपासून पेन नुसतं लिहिण्यासाठी राहिलं नाही, खिशाला लावून मिरवायची चीज झालं. आपल्याकडे जावयाला घड्याळाबरोबर पेन द्यायचे, ते काही तो फार लिहितो म्हणून नव्हे.

आता त्या सत्तर हजारांकडे येऊ. भारी पेनाची निब सोन्याची असते. का? जुन्या शायांमध्ये आम्ल असे, त्याने पोलाद गंजून जाई. सोनं गंजत नाही. पण आपल्या मंगळसूत्राच्या वाट्या बावीस कॅरेटच्या, तसं सोनं निबेला चालत नाही, ते मऊ पडतं, वाकतं. म्हणून चौदा किंवा अठरा कॅरेट. आणि कागदावर घासणारं टोक सोन्याचं नसतंच, तिथे इरिडियमसारख्या कठीण धातूचा बारीकसा मणी जोडलेला असतो. मग सोनं किती? बहुतेक निबांत एक ग्रॅमच्या आतच. हे ऐकल्यावर आमची ती मैत्रीण पहिल्यांदा हसली. "मग माझी नथच बरी," म्हणाली.

सोनं नाही, तर मग पैसे कशाचे? काही पेनांत हातकाम असतं, तेवढं मान्य करायला हवं. जपानमध्ये नामिकी नावाची पेनं बनतात. त्यावर लाखेसारख्या झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवतात आणि सोन्याची पूड शिंपडून मासे, पक्षी, लाटा काढतात. सावंतवाडीचं लाखकाम पाहिलं असेल तर तुम्हाला अंदाज येईल, कारागिराचे महिने त्यात जातात. ही कंपनी १९१८ साली काढणारे र्योसुके नामिकी आधी जहाजावरचे इंजिनियर होते. त्यांच्या कंपनीचं पुढचं नाव पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा. आपल्या भाषेत तांडेलच म्हणा की.

पण पुष्कळ पेनांत पैसे असतात ते नावाचे. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक कंपनी निघाली, तिने पेनाला युरोपातल्या एका उंच बर्फाळ डोंगराचं नाव दिलं, माँ ब्लाँ. टोपणावर पांढरी चांदणी, ते डोंगरमाथ्याचं बर्फ. १९२४ पासून त्यांचं 'माइस्टरश्टुक' पेन चालू आहे, म्हणजे उस्तादाच्या हातचं काम. निबेवर ४८१० आकडा कोरलेला असतो, तो कॅरेटचा नाही, डोंगराच्या उंचीचा, मीटरमध्ये. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाया त्या निबेवर. बंगल्यातलं पेन याच जातीचं होतं.

याच कंपनीने २००९ साली मोठाच घोळ घातला. महात्मा गांधींच्या नावाचं पेन काढलं. दांडीयात्रेच्या मैलांच्या हिशेबाने २४१ पेनं, अंगावर सूत गुंडाळावं तशी सोन्याची तार गुंडाळलेली, निबेवर काठी घेतलेले गांधीजी. किंमत दहा लाखांच्या पुढे! दांडीयात्रा कशासाठी होती, तर मूठभर मिठासाठी. आपल्या पेण-उरणच्या मिठागरांवर उन्हात राबणाऱ्या बायकांना विचारा मिठाची किंमत. त्या पेनातून आलेले काही पैसे गांधींच्या नावाच्या संस्थेला चांगल्या कामासाठी दिले होते, हेही खरं आहे. तरी लोक चिडले. राष्ट्रीय नेत्यांची नावं धंद्यासाठी वापरायला आपल्याकडे १९५० चा कायदा आडवा येतो. केरळमधून प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये कंपनीला भारतातली विक्री थांबवावी लागली.

खुद्द गांधीजींना कोणतं पेन आवडलं होतं? याचं उत्तर पत्रात आहे आणि पत्र आपल्या वर्ध्याहून गेलेलं आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी तिथेच घडवलेलं स्वदेशी पेन त्यांना पाठवलं होतं. १६ जुलै १९३५ ला गांधीजींनी कळवलं की पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. पाठ थोपटताना 'दिसतो' इतकंच. आम्हाला ते फार आवडलं. आम्ही आमच्या पापडांचं कौतुक करताना एवढं मोजून बोलत नाही.

शाईची स्वदेशी गोष्ट मात्र मराठी माणसांची आहे. १९३१ साली मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे भाऊ गोविंद यांनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. छाप घोड्याचा. वडी पाण्यात विरघळवली की शाई तयार. पुढे फाउंटन पेनांसाठी उंट छाप शाई काढली, कॅमल. त्यातून कॅमलिन. आपल्यापैकी कितीतरी जणींनी पहिली कंपासपेटी त्यांचीच उघडली असेल. बाजारात तेव्हा साहेबी शायांचा दरारा होता, त्यात दोन भावांनी वड्या विकून पाय रोवले. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. ती कंपनीही १९०५ साली काय करून उभी राहिली, तर हिशेबाच्या वह्यांचे पुठ्ठे करून. त्यांचा एक कारखाना आज आपल्याच जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे.

आता नावाचे पैसे घेणं वाईटच, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. अलिबागचा पांढरा कांदा म्हटलं की माळेला भाव जास्त मिळतो, तो नावालाच ना? कोऱ्या कागदाची तरी काय किंमत! महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्यांची सही नोटेवर आली आणि कागदाचा पैसा झाला. फरक आहे तो इतकाच की कांदा खाता येतो आणि नोट चालते. सत्तर हजारांच्या पेनाने लिहिलेली 'क' मात्र आपल्या 'क'सारखीच दिसते.

त्याच महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गावोगावच्या पुतळ्यांत त्यांच्या कोटाच्या खिशाला पेन असतं, ते कोणत्या कंपनीचं असेल असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. गेली काही वर्षं सहा डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, अशी हाक दिली जाते. ती पेनं पाच-दहा रुपयांची असतात आणि मुलांकडे जातात. आमच्या गटातल्या दोघीतिघी दर वर्षी नेतात.

हे सगळं आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. त्या मैत्रिणीने शेवटपर्यंत ऐकलं. बंगल्याचं काम तिने सोडलेलं नाही, मुलीची फी भरायची आहे. पण पुढच्या शनिवारी तिने बाईसाहेबांना सांगितलं, "यापुढे काही हरवलं तर आधी गाडी बघा, मग मला विचारा. आणि माझ्या पिशवीला हात लावायचा नाही." बाईसाहेब बरं म्हणाल्या.

झाला प्रकार आम्ही गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवला, तारीख घालून. खाली चौदा सह्या आणि एक अंगठा. नवव्या सहीला गटाचं पेन बंद पडलं. तिनेच ते तळहातावर खसाखसा घासून चालू केलं आणि पुढच्या बाईला दिलं.