भावनिक बुद्धिमत्ता

स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्या हाताळणे ही क्षमता. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती सर्वदूर पोहोचवली. नोकरीतील यशात बुद्ध्यंकापेक्षा तिचाच वाटा मोठा, हा लोकप्रिय दावा मात्र अतिरंजित आहे.

महाराष्ट्रात भावना हाताळण्याचा हा विचार मानसोपचाराच्या वाटेने रुजला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्येच ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. त्याआधीपासून मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती येथे शिकवत होते. प्रसंगामुळे थेट भावना उद्भवत नाही, प्रसंगाबद्दलची आपली समजूत तिला आकार देते, हे या पद्धतीचे सूत्र.

कामाच्या ठिकाणचे उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात शेती व कारखाना शेजारी नांदतात. पहिल्या पाळीला उशिरा आलेल्या कामगारावर सुपरवायझर सर्वांदेखत ओरडला, तर कामगार मान खाली घालतो आणि पुढे मशीनमधला बिघडलेला आवाजही कळवायचे टाळतो. त्याला बाजूला घेऊन ‘घरी काही झालं का?’ एवढे विचारले, तर रात्री वीज आल्यावर तो पिकाला पाणी द्यायला गेला होता, हे समजते. नियम तोच राहतो, बोलणे बदलते. ही क्षमता सरावाने वाढते. पण कमी पगार किंवा असुरक्षित यंत्रे यांवरचा कामगाराचा राग हा तिचा अभाव मानणे अन्यायाचे आहे.